नावाची पट्टी गेलेला जुना लेथ: एप्रनचा गिअर, हाफ नट आणि १२७ दाती चेंज गिअर कुठे मिळेल?

लेथवाला_अंबड

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडमधल्या शेडमध्ये एक जुना गॅप बेडचा लेथ आहे. सेंटरची उंची साडेसात इंच, दोन सेंटरमध्ये साधारण मीटरभर जॉब बसतो. नावाची पट्टी उखडलेली, हेडस्टॉकवर रंगाचे चार थर. कुणी म्हणतं हरिहरचा किर्लोस्कर, कुणी म्हणतं पंजाबातल्या बटाल्याची नक्कल. बेड आणि स्पिंडल चांगले आहेत, त्यामुळे भंगारात काढायचं मन होत नाही.

अडलंय ते असं. एप्रन (टूल वाहणाऱ्या कॅरेजच्या पुढची गिअरची पेटी) उघडला तर आतल्या ४० दाती गिअरचे लागोपाठ तीन दाते मुळापासून गेलेले. शेजारचं वर्म व्हील फिरतं, पण त्याचे दाते झिजून सुरीच्या धारेसारखे झालेत. हाफ नट (कॅरेज ओढणाऱ्या लांब लीड स्क्रूला पकडणारा दोन अर्ध्यांचा नट) लावून आटे पाडायला घेतले की मध्येच उडी मारतो. क्रॉस स्लाइडच्या हँडलला पाव फेऱ्याहून जास्त बॅकलॅश, म्हणजे रिकामं फिरणं, आहे. आणि मशीनबरोबर आट्यांचा पिच बदलायचे जे चेंज गिअर मिळाले त्यांत १२७ दाती नाही.

दोन-तीन ठिकाणी विचारलं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "मेक कुठला?" तो सांगता येत नाही म्हटलं की विषय संपतो. एका गिअरवाल्याने बाहेरचा व्यास मोजला, १०६.५ मिमी भरला, आणि "अडीच मोड्यूल आहे, चार दिवसांत देतो" म्हणाला. ऑर्डर अजून दिलेली नाही. राजकोटहून आख्खा नवा एप्रन मागवून बसवा, असाही सल्ला आलाय. नाशिकमध्ये काही होईल का?

हॉब_आणि_कटर

ऑर्डर दिली नाहीत ते बरं केलंत. मोड्यूल म्हणजे दाताचं मिलिमीटरमधलं माप. अडीच मोड्यूलचा ४० दाती गिअर असता तर बाहेरचा व्यास दाते अधिक दोन, म्हणजे ४२ गुणिले २.५, म्हणजे १०५ मिमी आला असता. तुमचा १०६.५ आहे. झिजलेला गिअर मापाला कमी भरेल, जास्त कसा भरेल? आता तेच डीपीमध्ये (डायमेट्रल पिच, पिच व्यासाच्या दर इंचामागे दाते) करून बघा. १० डीपीला ४२ भागिले १०, म्हणजे ४.२ इंच, म्हणजे १०६.६८ मिमी. गिअर इंची आहे, १० डीपीचा. मोड्यूलच्या भाषेत २.५४. अडीच आणि २.५४ यांतला फरक डोळ्याला दिसत नाही. दोन गिअर हातात धरून दात एकमेकांत घातले तर बसतातसुद्धा. मशीनवर चढवले की मात्र दर दाताला थोडं थोडं चुकत जातं, आवाज सुरू होतो आणि जोडीचा चांगला गिअरही खाल्ला जातो.

एवढ्यावरही ऑर्डर देऊ नका, प्रेशर अँगल (दाताच्या गालाचा तिरकेपणा) बाकी आहे. जुन्या इंची मशीनवर साडेचौदा अंशाचे गिअर सर्रास असत, आणि आज हॉबिंगवाला काही न विचारता २० अंशाचा हॉब (गिअर कापायचं हत्यार) चढवतो. ओळखायची रीत अशी: शाबूत भागात व्हर्नियरच्या जबड्यात चार दात एकत्र पकडून माप घ्या, मग त्यातलेच तीन दात पकडून घ्या. मोठ्यातून छोटं वजा करा. ही वजाबाकी म्हणजे बेस पिच. अडीच मोड्यूल २० अंशाला ती ७.३८ येते, अडीच मोड्यूल साडेचौदाला ७.६०, १० डीपी २० अंशाला ७.५० आणि १० डीपी साडेचौदाला ७.७३. प्रत्येकात मिलिमीटरच्या दहा शतांशाहून कमी फरक नाही, त्यामुळे साध्या पण धड व्हर्नियरवरही कळतं. दातांची झीज दोन्ही मापांत जवळपास सारखी असल्यामुळे वजाबाकीत ती आपोआप निघून जाते. जबडे दाताच्या टोकाला नको, गालाच्या मध्यावर टेकले पाहिजेत. गिअरवर तीन-चार ठिकाणी मोजा आणि आकडे इथे टाका.

हात काळे झालेच आहेत तर लीड स्क्रूही मोजून टाका. टेलस्टॉककडच्या बाजूला, जिथे तो सहसा वापरलाच जात नाही, तिथे दहा आट्यांचं अंतर पट्टीने घ्या. ६० भरलं तर ६ मिमी पिच, ६३.५ भरलं तर इंचाला ४ आटे.

सिन्नर_फिटर

मापं घ्याच, पण दाते तुटले कशाने तेही शोधा. नाहीतर नवा गिअर महिनाभरात जुन्याच्या वाटेने जाईल.

पहिली जागा शिअर पिन. कॅरेज आपोआप सरकवणारा फीड शाफ्ट फीड बॉक्समधून बाहेर येतो तिथे कपलिंगमध्ये एक आडवी पिन असते. काही मशीनवर तिच्याऐवजी स्प्रिंग-गोळीचा क्लच असतो. कॅरेज कुठे धडकली तर ती पिन तुटावी, आतलं काही तुटू नये, एवढ्यासाठीच ती आहे. पिन बाहेर काढून तिच्यावर कानस चालवा. कानस चावली तर ठीक. काचेवरून घसरावी तशी घसरली तर तिथे कुणीतरी तुटक्या ड्रिलचा तुकडा ठोकलाय, आणि तुमचे तीन दाते त्याच तुकड्याने घेतलेत. नवी पिन पितळेची किंवा माइल्ड स्टीलची, भोकाच्या मापाची, सांध्यावर येईल तिथे बारीक खाच मारून. पाच-सहा एकदम करून डबीत ठेवा.

दुसरी जागा इंटरलॉक. फीडचा लिव्हर पडलेला असताना हाफ नट बंद होता कामा नये आणि हाफ नट बंद असताना फीड पडता कामा नये. त्यासाठी एप्रनमध्ये दोन लिव्हरच्या मध्ये एक छोटी पिन किंवा खाचेची चकती असते. ती झिजली किंवा कुणी काढून टाकली की दोन्ही एकाच वेळी लागतात. लीड स्क्रू कॅरेजला एका वेगाने ओढतो, फीड शाफ्ट दुसऱ्या, आणि मधला कमजोर दात जातो. मोटर बंद ठेवून दोन्ही लिव्हर एकत्र टाकून बघा. टाकता आले तर आधी ते दुरुस्त.

वर्म व्हील सुरीसारखं झालं याचं कारण बहुधा तेलच. एप्रनच्या तळाची गाळाची चिखलपेंड बोटांवर घेऊन चोळून बघा. बिडाचा बारीक चुरा हाताला लागला तर ते तेल नव्हतं, लॅपिंग पेस्ट होती.

गोदाकाठ

मेक शोधायची हौसच असेल तर बेडच्या टेलस्टॉककडच्या टोकाचा रंग खरवडा. बऱ्याच मशीनवर नंबर तिथे ठोकलेला असतो. एप्रनच्या आतल्या बिडावर उठावाचे अंक असतील तर ते कास्टिंगचे नंबर, त्यांचाही फोटो घ्या. पण मेक कळल्याने फार काही हाती लागेल असं समजू नका. हरिहरचा मैसूर किर्लोस्करचा कारखाना १९४१ चा, तो केव्हाच बंद पडला. एचएमटीच्या एनएच मालिकेचा लेथ असता तर गोष्ट वेगळी होती, त्याचे सुटे भाग आजही नवे मिळतात. तुमच्यासारख्या मशीनला नाव नाही, मापच विचारायचं.

नाशिकचं म्हणाल तर, अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये उठवला, परत बसला, २०२५ मध्ये परत उठवला. तेव्हा "अमक्या गाळ्यात जा" असं सांगण्यात अर्थ नाही. जुनी मशीनं फोडणारे लोक अंबड-सातपूरच्या आसपास विखुरलेत. त्यांच्याकडे गिअर किलोवर मिळतात, पण ढिगात. जाताना खिशात व्हर्नियर, कागदावर डीपी, दाते, बोअर आणि फेसची रुंदी. "किर्लोस्करचा गिअर आहे का?" विचारलंत तर जो हातात येईल तो किर्लोस्करचाच असेल. सरकारी कारखान्यांची आणि संस्थांची जुनी मशीनं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतात, पण तिथे लॉट आख्खा उचलावा लागतो. एका गिअरसाठी तो उद्योग नको.

मुंबईची नागदेवी स्ट्रीट मात्र एक चक्कर मारण्यासारखी आहे. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघालं की सीएसएमटीहून चालत पोचता येतं आणि संध्याकाळच्या पंचवटीने घरी. रविवार सोडून जा. तिथे डीपीचे गिअर कटर, ॲक्मे (उतरत्या गालांच्या) आट्यांचे टॅप, बेअरिंग, ब्राँझचे बुश, सगळं गल्लीत आहे. तयार गिअर मिळेलच असं नाही.

राजकोटच्या एप्रनबद्दल. लेथचे सुटे भाग तिथे भरपूर बनतात आणि एप्रन दिसायला हुबेहूब असतो. पण बसण्यासाठी तीन अंतरं जुळावी लागतात: सॅडलच्या (कॅरेजचा बेडवर बसणारा भाग) तळापासून लीड स्क्रूच्या मध्यापर्यंतचं, लीड स्क्रू आणि फीड शाफ्टमधलं, आणि बेडखालच्या रॅकपासून पिनियनच्या मध्यापर्यंतचं. यातलं एकही अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तर ब्रॅकेट हलवा, डॉवेल नव्याने मारा, रॅकखाली शिम घाला, अशी कामाला कामं लागतात. ही तीन मापं विक्रेत्याला लिहून पाठवा. तो "बसेल हो साहेब" म्हणाला तर घेऊ नका. त्याने उलटी मापं पाठवली तर विचार करा.

भंगारातला बिडाचा भाग घेताना दोऱ्याला टांगून छोट्या हातोडीने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर आत तडा आहे. शंका असेल तर डिझेल लावून पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तिथे पाच मिनिटांत ओली रेघ उमटते.

लेथवाला_अंबड

मंडळी, मापं घेतली. चार दात २७.४८, तीन दात १९.७६. तीन ठिकाणी एक-दोन शतांशाचा फरक. लीड स्क्रूचे दहा आटे ६३.५, बाहेरचा व्यास न झिजलेल्या बाजूला ३४.८.

आणि सिन्नरवाल्या भाऊंना दंडवत. शिअर पिनवर कानस घसरली. निघता निघेना, शेवटी पंच करून काढली तर खरंच ड्रिलचा तुकडा, त्यावर फ्लूटची सुरुवातसुद्धा दिसतेय.

हॉब_आणि_कटर

वजाबाकी ७.७२. म्हणजे १० डीपी, साडेचौदा अंश. अडीच मोड्यूल २० अंशाचा गिअर आला असता तर दोन्ही बाजूंनी चुकला असता.

ऑर्डर देताना कागदावर हे लिहून द्या, तोंडी नको: ४० दाते, १० डीपी, प्रेशर अँगल साडेचौदा, बाहेरचा व्यास १०६.६८, पिच व्यास १०१.६, दाताची पूर्ण खोली ५.४८. फेसची रुंदी, बोअर आणि की-वे मात्र जुन्या गिअरवरून नाही, शाफ्टवरून घ्या. जुना बोअर आतापर्यंत ढिला झालेला असतो. बोअर शाफ्टवर हाताने दाबून सरकेल असा, हातोडीने ठोकावा लागेल असा नको. तयार गिअरची कसोटीही त्या दोन मापांनीच करा. चार दातांवर नवा गिअर २७.५८ च्या आसपास यायला हवा. बॅकलॅशसाठी पाच-सात शतांश कमी आला तरी चालतो, जास्त आला तर परत द्या.

साडेचौदाचा हॉब मिळाला नाही तर अडून बसू नका. मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेडने (जॉब समान भागांत फिरवायचं उपकरण) कापून घ्या. १० डीपी, साडेचौदा अंश, ३ नंबरचा कटर. तो ३५ ते ५४ दातांना चालतो. ४० दाती गिअरला ४० ला १ च्या हेडवर दर दाताला हँडलचा बरोबर एक पूर्ण फेरा, चुकायला जागाच नाही. एप्रनच्या या गिअरचा वेग इतका कमी आहे की कटरने कापलेला गिअर पुरून उरतो. मटेरियल ईएन-८ पोलाद, कडक न करता. "हार्ड करून देतो" म्हणतील, नको म्हणा. जोडीचा जुना गिअर मऊ आहे आणि तो वाचवायचाय.

कुणी म्हणेल की मोड्यूलच्या हॉबवर करेक्शन देऊन, म्हणजे हॉब आत-बाहेर सरकवून, जमवू. जमतं, पण मग जोडीचे दोन्ही गिअर नवे करावे लागतात. समजा जोडीला २० दाती आहे. जुनं सेंटर अंतर ७६.२ आणि अडीच मोड्यूलचं ७५. तो सव्वा मिलिमीटर भरून काढायला दोघांत मिळून अर्ध्या मोड्यूलचं करेक्शन लागतं. कटर मिळत असताना हा खटाटोप कशाला?

वर्म व्हील वेगळं प्रकरण आहे. ते साध्या गिअरसारखं तिरकं धरून कापलं की दात वर्मला एका ठिपक्यावर टेकतो आणि वर्षभरात पुन्हा सुरी. व्हीलचा दात वर्मच्या गोलाईने खोलगट कापला गेला पाहिजे. म्हणून वर्म काढून व्हीलबरोबरच हॉबिंगवाल्याला द्या. त्याआधी वर्मवर खूण करून एक पूर्ण फेरा फिरवा आणि व्हीलचे किती दात सरकले ते मोजा. एक सरकला तर सिंगल स्टार्ट, दोन सरकले तर डबल. डबल स्टार्ट वर्मवर सिंगलचं व्हील कापून आणणं ही नेहमीची चूक आहे. तयार हॉब नसेल तर आर्बरमध्ये एकच दात बसवून, म्हणजे फ्लाय कटरनेही चालतं, वेळ लागतो एवढंच. व्हील फॉस्फर ब्राँझचं, शक्यतो सेंट्रिफ्यूगल कास्टिंगचं. वर्मच्या आट्यांवर पायरी लागत असेल तर वर्मही नवा करा, नाहीतर नवं व्हील तीच पायरी अंगावर घेईल.

सातपूर_शिकाऊ

तीन दात ब्रेझिंगने भरून कानसने आकार दिला तर? नवीन गिअर येईपर्यंत तरी?

सिन्नर_फिटर

येईपर्यंत चालतं, त्याच्या पुढे नाही. नुसता पितळी थर टाकला तर दात मुळातून उचकटतो. तुटलेल्या जागी मुळात ओळीने पाच मिमीची भोकं मारून आटे पाडा, स्टड बसवा, मग त्यांच्यावर ब्रेझिंग. आकारासाठी शेजारच्या चांगल्या दाताचा पत्र्याचा फर्मा करा आणि कानस मारताना सतत लावून बघा. गिअर बिडाचा असेल तर साध्या रॉडने वेल्डिंग करू नका, वेल्डच्या कडेला तडा जातो. आणि असा गिअर बसवला की ऑटो फीडला कट मिलिमीटरच्या आत.

जुना_टर्नर_सातपूर

गिअरचं झालं, आता हाफ नट. इथे लोक घाई करतात आणि वर्षभरात पुन्हा तेच काम करतात.

लीड स्क्रू ३४.८ म्हणजे मूळचा एक पूर्णांक ३/८ इंच, ३४.९२५ मिमी. इंचाला ४ आटे, ॲक्मे. नवा नट आधी लीड स्क्रूशी जमतो का ते बघू नका, आधी लीड स्क्रू किती गेला ते बघा. हाफ नट बंद करा, कॅरेजला डायल गेज लावा, हाताने पुढे-मागे ढकला. एकदा चकजवळ, एकदा टेलस्टॉकजवळ. जुन्या नटाने दोन्हीकडे सारखा आकडा आला तर सगळी झीज नटात आहे. चकजवळ जास्त आला तर तो जादाचा आकडा लीड स्क्रूचा. नवा नट झिजलेल्या भागात घट्ट बसवून करून घेतलात तर टेलस्टॉककडे तो बंदच होणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एप्रनच्या अगदी लगत लीड स्क्रूच्या वरच्या बाजूला डायल टेकवा आणि हाफ नट बंद करा. सुई ५ शतांशाच्या आत राहिली तर ठीक. पाव मिलिमीटर उडी मारली तर सॅडल झिजून खाली बसलाय आणि नट बंद होताना लीड स्क्रूला खाली ओढतोय. अशा मशीनवर नवा नट एकाच अंगाने खाल्ला जातो. यावर काही जण सॅडल आणि एप्रनच्या मध्ये शिम घालतात. उलटं काम, त्याने एप्रन आणखी खाली जातो. एप्रनचा वरचा फेस मिल करून तो उचलता येतो, पण मग क्रॉस फीडच्या पिनियनशी गिअर घट्ट होतो. खरा इलाज सॅडलखाली टर्साइटची (कमी घर्षणाच्या प्लास्टिकची) पट्टी. तेवढा खर्च नको असेल तर स्वस्त मार्ग असा: नटाचा बोअर जुन्या मध्यावर न करता सॅडल जेवढा बसलाय तेवढा वर सरकवून करा.

बनवायची रीत. जुने बिडाचे दोन अर्धे टाकू नका, त्यांच्या सरकत्या बाजू जमलेल्या असतात. त्यांतले झिजलेले आटे बोअर करून काढा आणि गनमेटलचं अस्तर बसवा. गनमेटलचे दोन चौकोनी तुकडे घासून सपाट करून एकमेकांना शिसं-कथलाने जोडा, मग एकच तुकडा समजून टर्न करा. बोअर २८.५८, आट्यांचा तळ ३५.४३, पोटातला कोन २९ अंश. टॅप मिळाला तर शेवटचा हात टॅपने, नाहीतर बोअरिंग टूलने. हे काम अर्थात दुसऱ्या लेथवर, कारण तुमचा स्वतःचा हाफ नटच नाही. मग गरम करून जोड सोडवा, दोन अर्धे आपापल्या घरात स्क्रू आणि डॉवेलने बसवा. स्क्रूची डोकी आट्यांत येऊ देऊ नका, हे सांगावं लागतं.

क्रॉस स्लाइडचा नट करायला टाकण्याआधी हँडल धरून स्लाइड ढकला. स्क्रू आख्खाच पुढे-मागे होत असेल तर निम्मा बॅकलॅश थ्रस्ट कॉलरचा आहे, तो वॉशरने जातो. उरला तर नट. आणि दोन गोष्टी. हा स्क्रू बहुधा डाव्या आट्यांचा असतो, कारण हँडल उजवीकडे फिरवल्यावर टूल पुढे जायला हवं. नमुना न पाहता फोनवर ऑर्डर दिली की उजव्या आट्यांचा सुंदर नट घरी येतो. डायलवर २०० भाग असतील तर इंचाला ५ आटे, एक भाग एक थाऊ (हजारांश इंच). १०० भाग असतील तर बहुधा ५ मिमी पिच. ५.०८ आणि ५ मधला फरक एका आट्यात दिसत नाही, लांब नटात मात्र स्क्रू तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला अडकतो.

गोदाकाठ

काका, शिसं-कथलाचा जोड कशाला? अखंड बुशला आटे पाडून १ मिमीच्या स्लिटिंग सॉने दोन भाग केले तरी चालतं. कापात मिलिमीटर गेला तरी दोन्ही अर्ध्यांचा गोल तोच राहतो. हाफ नटाचे फेस एकमेकांना टेकायला नकोच असतात.

जुना_टर्नर_सातपूर

फेस टेकायला नकोत हे बरोबर, आणि म्हणून तुमची रीतही चालते. अट एकच. नट किती बंद व्हावा हे थांबवणारा स्टॉपस्क्रू शाबूत हवा. जुन्या एप्रनवर तो बहुतेक वेळा गायब असतो. मग बंद करणारा जोर लावून लिव्हर दाबतो, अर्धे जरा जास्तच जवळ येतात आणि आट्यांचे फक्त टोकाचे कोपरे घासत राहतात. स्टॉप असेल तर कापा खुशाल.

हॉब_आणि_कटर

१२७ राहिलाच. तुमचा लीड स्क्रू इंचाला ४ आट्यांचा, म्हणजे ६.३५ मिमी. त्यावर मिलिमीटरचे आटे नेमके पाडायला १२७ लागतो, कारण २५.४ ला पाचने गुणलं की पहिला पूर्णांक तोच येतो आणि तो अविभाज्य आहे. पण तो करून घेणं महाग पडतं. चेंज गिअर १४ डीपीचे धरले तर व्यास २३४ मिमी, म्हणजे ताटाएवढा ब्लँक, आणि साध्या इंडेक्सिंगने तो कापताच येत नाही. हॉबिंग किंवा डिफरन्शियल इंडेक्सिंगच.

त्याऐवजी ६३ दाती करा. १२७ भागिले १०० म्हणजे १.२७, आणि ८० भागिले ६३ म्हणजे १.२६९८४. चूक आठ हजारांत एक. १४ डीपीला व्यास ११७.९ मिमी, हातात मावतो. उदाहरणार्थ दीड मिलिमीटर पिचला चालवणारे ३० आणि ६३, चालणारे १०० आणि ८०. पिच येतो १.५००१९. शंभर मिलिमीटर लांब आट्यांत सव्वा शतांश. नट-बोल्टच्या आट्याला यापेक्षा जास्त चूक टूलच्या धारेत असते. मोजमापाचा लीड स्क्रू करायचा असेल तरच १२७ च्या मागे लागा. तुमच्या चेंज गिअरचा डीपी मात्र आधी वरच्याच रीतीने मोजा. तो एप्रनच्या डीपीसारखाच असेल असं नाही.

इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडताना, १२७ असो की ६३, आटा पुरा होईपर्यंत हाफ नट उघडायचा नाही. हाफ नट कधी बंद करायचा ते दाखवणारी थ्रेड डायल इथे कामाची नाही. टूल मागे घ्या, मोटर उलटी फिरवून परत या.

लेथवाला_अंबड

६३ चं डोक्यातच आलं नव्हतं. चेंज गिअर मोजले, १४ डीपीच निघाले, तेही साडेचौदा. तर ४० आणि ६३ दोन्ही मिलिंगवर कापून घेतो, दोघांनाही अंश तोच. ६३ ला कटर कुठला? आणि एप्रन परत चढवताना काय बघू?

हॉब_आणि_कटर

६३ ला २ नंबर, तो ५५ ते १३४ दातांचा. डीपी १४ चा घ्या, ४० वाला १० डीपीचा आहे, म्हणजे कटर दोन लागतील. हेडवर ६३ दातांना ६३ भोकांची ओळ असलेली प्लेट नसेल तर २१ भोकांची शोधायच्या भानगडीत पडू नका, तिने जमत नाही. ४० भागिले ६३ ला ६३ चीच ओळ लागते, किंवा तिच्या पटीतली. कापणाऱ्याला आधी ते विचारा.

सिन्नर_फिटर

चढवण्याआधी एप्रनचं पोट रॉकेलने धुवा, कोपऱ्यातला चुरा ब्रशने काढा, तेलाच्या नळ्या तारेने मोकळ्या करा. प्रत्येक नळीत वरून तेल सोडा आणि ते खाली बुशला पोचतं का ते बघा. निम्म्या नळ्या बंद असतील. तेल ६८ ग्रेडचं.

गिअर बसवले की दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून हाताने फिरवा. पट्टीवर घड्या पडून ती अखंड बाहेर आली तर अंतर बरोबर. फाटली तर गिअर घट्ट आहेत, घडीच पडली नाही तर ढिले. पूर्ण फेरा फिरवून बघा, एकाच जागी फाटत असेल तर बोअर दातांशी एककेंद्री नाही, गिअर परत पाठवा.

मग पितळी शिअर पिन घाला, कॅरेजपुढे बेडवर सागवानाचा ठोकळा क्लॅम्प करा, सर्वांत बारीक फीड टाकून कॅरेज त्याला मुद्दाम भिडवा. पिन तुटली पाहिजे. तुटली नाही आणि बेल्ट घसरायला लागला तर ताबडतोब लिव्हर काढा आणि पिनची खाच आणखी खोल करा.